स्पॅनिश आहारशब्दांचा इतिहास

आहाराच्या सवयी सांगणाऱ्या स्पॅनिश वाक्याची चौकट लॅटिनची आहे, परंतु त्यात येणाऱ्या पदार्थांची नावे अनेक लोकसमूहांनी दिलेली आहेत. ‘सुएले कोमेर आर्रोस’, म्हणजे ‘ती सहसा भात खाते’, या वाक्यातील सवयदर्शक क्रियापद ‘सोलेर’ आणि ‘कोमेर’ (खाणे) ही दोन्ही लॅटिनमधून आली, तर ‘आर्रोस’ (तांदूळ) हा शब्द अरबीतून आला. न्याहारीला ‘देसायुनो’ म्हणतात, आणि ‘आयुनो’ म्हणजे उपवास असल्याने उपवास सोडणे हा त्याचा मूळ अर्थ होय. आवड सांगताना मात्र ‘ले गुस्ता एल आर्रोस’ अशी रचना होते, आणि ‘तिला भात आवडतो’ या मराठी वाक्याप्रमाणेच तेथेही क्रियापद खाणाऱ्या व्यक्तीनुसार न चालता पदार्थानुसार चालते.

इ.स. 711 नंतर इबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पात, मुस्लिम सत्ता स्थिरावली, पाटांच्या पाण्यावर भात व ऊस यांची शेती विस्तारली आणि ‘आसूकार’ (साखर), ‘आसेइते’ (तेल), ‘बेरेन्हेना’ (वांगे) हे अरबी शब्द रूढ झाले. यांपैकी ‘आसूकार’चे मूळ फारसीमार्गे संस्कृत ‘शर्करा’पर्यंत जाते, त्यामुळे मराठी ‘साखर’ त्याची सगोत्र ठरते. 1492 मध्ये तेथील अखेरचे मुस्लिम राज्य ग्रानादा पडले, भाषापंडित नेब्रिहाचे कॅस्टिलियन, म्हणजे स्पॅनिश, व्याकरण प्रसिद्ध झाले आणि कोलंबस कॅरिबियन बेटांवर पोहोचला. त्यानंतर ताइनो भाषेतील ‘माईस’ (मका) व ‘बाताता’ (रताळे), नाहुआट्ल भाषेतील ‘तोमाते’ आणि केचुआ भाषेतील ‘पापा’ (बटाटा) हे शब्द स्पॅनिशमध्ये आले. ‘बाताता’ हाच शब्द पोर्तुगीजांमार्फत भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येऊन मराठीत ‘बटाटा’ झाला.

याच काळात आहार हा संशयाचाही विषय बनला. 1478 मध्ये पोपच्या अनुज्ञेने अस्तित्वात आलेल्या इन्क्विझिशन या धर्मन्यायसंस्थेने डुकराचे मांस टाळणे किंवा तेलात मांस शिजवणे या सवयी धर्मांतरितांनी आपला ज्यू वा मुस्लिम पूर्वधर्म गुप्तपणे पाळल्याच्या खुणा मानल्या, आणि 1609 ते 1614 या काळात मोरिस्को, म्हणजे बाप्तिस्मा दिलेल्या मुस्लिमांचे वंशज, देशाबाहेर घालवले गेले. माणसे हद्दपार करणारा तो हुकूम त्यांच्या शब्दांपर्यंत मात्र पोहोचू शकला नाही, आणि ज्या तेलावरून साक्षी नोंदवल्या गेल्या, त्या तेलाला स्पेन आजही अरबी नावानेच ओळखतो.