शिवेच्या आतले सगळे

इंग्लंडमधील अँग्लिकन चर्चच्या इतिहासात ‘सभासद होणे’ ही कल्पना फार उशिरा आली. तीनशेहून अधिक वर्षे माणूस पॅरिशमध्ये दाखल होत नसे, तो तिच्यात राहत असे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या देखरेखीखालील, शीव ठरलेला भूभाग. आपल्याकडे गावकीचा मान आणि गावकीचा बोजा जसा एकाच घराकडे येई, तसाच तेथे विवाहाचा व दफनाचा हक्क आणि चर्चच्या डागडुजीची पट्टी ही दोन्ही त्या शिवेच्या आत राहण्यातूनच निघत. ही पट्टी तर १८६८ पर्यंत सक्तीची होती.

१५३८ साली राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याच्या आज्ञेने प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही ठेवणे भाग पडले. बाप्तिस्म्याच्या वेळी तान्ह्या मुलाच्या वतीने धर्ममातापिता श्रद्धेची वचने देत, आणि पुढे जाणत्या वयात दृढीकरणाच्या विधीत, म्हणजे बिशप मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद देई त्या वेळी, तीच वचने ते मूल स्वतःच्या तोंडाने पुन्हा देत असे. १६६२ च्या प्रार्थनापुस्तकाने दृढीकरण झालेल्यालाच प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी, खुले ठेवले. मात्र बिशपचे येणे दुर्मीळ असल्याने दृढीकरणास तयार व इच्छुक असणे पुरेसे मानण्याची व्यवहारी तरतूदही केली. प्रत्येक पॅरिशवासीयाने वर्षातून किमान तीनदा, त्यांपैकी एकदा ईस्टरला, प्रभुभोजन घ्यावे असा त्यात नियम होता. अठराव्या शतकातील अनेक खेड्यांत हा विधीच वर्षातून तीन-चार वेळा होत असल्याने हा नियम वाटतो तितका सौम्य नव्हता. एरवीच्या रविवारी सकाळची प्रार्थना, शास्त्रवाचन आणि प्रवचन एवढेच असे.

उपस्थिती ऐच्छिक नव्हती. १५५९ च्या कायद्याने रविवारी गैरहजर राहणाऱ्यास बारा पेन्स दंड ठरवला; तो चर्चवॉर्डन, म्हणजे पॅरिशने नेमलेले बिनपाद्री कारभारी, वसूल करीत आणि रक्कम गोरगरिबांसाठी वापरली जाई. १५८१ मध्ये, मुख्यतः कॅथलिकांना वठणीवर आणण्यासाठी, दंड महिना वीस पौंडांवर गेला. तेव्हा त्या काळच्या भरलेल्या बाकांवरून भक्ती मोजणाऱ्या इतिहासकाराने जरा सबुरीने घ्यावे हे बरे. १६८९ च्या सहिष्णुता कायद्याने इतर प्रोटेस्टंट पंथीयांना आपापल्या सभागृहांत उपासनेची मोकळीक मिळाली आणि सक्तीचा कणा मोडला. ३० मार्च १८५१ च्या धर्मगणनेत तर त्या दिवशीच्या एकूण उपस्थितीपैकी जेमतेम निम्मी अँग्लिकन चर्चची भरली.

बाहेरून येणाऱ्याला मात्र रहिवासाची ही आपसूक वाट नव्हती. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला तो प्रौढ वयात, विचारान्ती, आणि नंतरही चर्चच्या प्रत्येक सिद्धान्तापुढे मान तुकवण्यास त्यांनी नकार दिला. जन्माने पॅरिशवासी असलेल्यांपैकी फारच थोड्यांना सिद्धान्तांविषयी असे प्रश्न स्वतःला कधी विचारावे लागले.

रीतसर सभासदत्व आले ते १९१९ च्या कायद्यानंतर, पॅरिशच्या मतदारयादीच्या रूपाने. तरीही चर्चवॉर्डनच्या निवडीत आजही त्या भागातील कोणताही सामान्य मतदार मत देऊ शकतो, मग त्याने चर्चचा उंबरा कधी ओलांडलेला नसला तरी.