सेलेरॉन ३००ए
इंटेलने ऑगस्ट १९९८ मध्ये बाजारात आणलेला स्वस्त डेस्कटॉप प्रोसेसर. ओव्हरक्लॉकिंगच्या, म्हणजे नेमून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने प्रोसेसर चालवण्याच्या, इतिहासात त्याच्याइतका लाडका प्रोसेसर क्वचितच झाला. प्रोसेसरचा वेग म्हणजे त्याला मदरबोर्डाशी जोडणाऱ्या बसचा वेग गुणिले गुणक. याचा गुणक ४.५ वर कायम केलेला होता. त्यामुळे ६६ मेगाहर्ट्‌झची बस १०० वर नेली की ३०० चे थेट ४५० मेगाहर्ट्‌झ होत. काही मदरबोर्डांवर हे बायॉसमधूनच जमे. इतरत्र लोक प्रोसेसर-कार्डाच्या बी२१ या सोनेरी पट्टीवर चिकटपट्टीचा बारीकसा तुकडा लावत. मग बोर्ड आपणहून १०० ची बस निवडी. १२८ किलोबाइटची दुय्यम कॅश प्रोसेसरच्या चिपवरच असून पूर्ण वेगाने चाले, म्हणून गेममध्ये तो कितीतरी महाग अशा ४५० मेगाहर्ट्‌झच्या पेंटियम २ च्या तोडीस तोड ठरला. प्रत्येक नग मात्र एवढा चढत नसे. अडलेल्या नगाला थोडे जास्त व्होल्टेज द्यावे लागे. त्याने उष्णता साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून मोठा हीटसिंक आणि दमदार पंखा आधी बसवणेच शहाणपणाचे होते.