सगळी सोंगं आणता येतात, पण... (व्हिडिओ गेम्सबद्दल तीन न आवडणारी मतं)

गेल्या महिन्यात एका मित्राने मोबाईलवर त्याचं बँक स्टेटमेंट उघडून माझ्यासमोर धरलं. दोन महिन्यांच्या नोंदी. ८९ रुपये, ८९ रुपये, १५९, परत ८९, ४४९... खाली खाली जातच होतं. मुलगा आठवीत. आईच्या फोनवर एक गेम खेळतो, त्यात कसलीशी पेटी उघडायला पैसे लागतात, आणि आईचा यूपीआय पिन त्याला पाठ. एकूण अठरा हजार गेले होते. आणि मित्राने मला विचारलेला प्रश्न काय? "अरे, त्या गेममध्ये मारामारी फार आहे का रे? पोराचं डोकं बिघडेल का?"

अठरा हजार गेले आणि चिंता मारामारीची!

त्याला नावं ठेवत नाही. गेम्सबद्दल काळजी करायची आपली रीतच ती आहे, आणि ती आजची नाही, चाळीसेक वर्षांची आहे. आपण तलवारीकडे, राक्षसांकडे, रक्ताकडे बघतो. पैसे दुसऱ्याच दाराने जातात. ते दार कुठून आलं, हे सांगायला ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा. यातली मतं गेम खेळणाऱ्यांना आवडणार नाहीत आणि न खेळणाऱ्यांनाही नाहीत. चालेल.

मत पहिलं : रोल-प्लेइंग गेमचा जीव कथेत नाही, वहीत आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी, म्हणजे सोंग घ्यायचा खेळ. तुम्ही योद्धा, मांत्रिक किंवा चोर होता, भटकता, लढता, बलवान होत जाता. चाहते म्हणतात, यात कथा महत्त्वाची. माझं म्हणणं, कथा हा वरचा वर्ख. इतिहास बघा.

सुरुवात होते प्रशियाच्या सैन्यात. १८२४ च्या सुमारास फॉन राइसविट्झ नावाच्या एका लेफ्टनंटने अधिकाऱ्यांना लढाई शिकवायला एक खेळ पक्का केला. आधी त्याच्या वडिलांनी त्याचं एक रूप राजाला दाखवलं होतं. नकाशा, ठोकळे, फासे आणि एक पंच. तोफेच्या माऱ्यात किती माणसं पडली, हे फासे आणि तक्ता मिळून ठरवायचे. ही झाली युद्धखेळाची परंपरा. पुढे ती छंद म्हणून घराघरात गेली. कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये शिशाच्या सैनिकांशी खेळायच्या नियमांचं पुस्तकच काढलं.

मग अमेरिका. मिनेसोटातले डेव्ह आर्नेसन आणि विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाचे गॅरी गायगॅक्स, दोघेही युद्धखेळांचे वेडे. गायगॅक्स आधी विमा कंपनीत अंडररायटर होते, म्हणजे जोखमीचे तक्ते हा त्यांचा रोजचा धंदा. नोकरी गेल्यावर ते चपला-बूट दुरुस्त करून घर चालवत आणि उरलेल्या वेळात नियम लिहीत. १९७४ मध्ये त्यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आला. एका खोक्यात तीन पुस्तिका, पहिली आवृत्ती फक्त १००० प्रती.

यात नवीन काय होतं? सैन्य जाऊन एका खेळाडूचं एकच पात्र आलं, हे तर सगळे सांगतात. मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. आपला सारीपाट आठवा. डाव संपला की सोंगट्या डब्यात, उद्या पुन्हा सगळे शून्यावर. इथे सोंगटी कालचं विसरत नाही. तुम्ही जे मिळवलं ते कागदावर लिहून ठेवायचं आणि पुढच्या बैठकीत तिथूनच पुढे जायचं. अनुभवाचे गुण, त्यावरून पातळी, अंगात किती जीव उरला त्याचा आकडा. हा जीव मोजायचा आकडा आपण जहाजांच्या युद्धखेळातून घेतला, असं आर्नेसन सांगत. आणि मजा म्हणजे, पहिल्या नियमांत अनुभवाचे गुण राक्षस मारून कमी आणि खजिना बाहेर काढून जास्त मिळायचे. एक सोन्याचं नाणं, एक गुण. रोकड तीच खतावणी!

नंतर हा खेळ कॉम्प्युटरवर गेला तेव्हा माझा मुद्दा आणखी पक्का झाला. १९७५ च्या सुमारास इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो नावाच्या शैक्षणिक संगणक-यंत्रणेवर विद्यार्थ्यांनी असे खेळ लिहिले. एकाची फाइल तर 'पेडिट५' अशा रटाळ नावाची होती. तरी व्यवस्थापकांना सापडायचा आणि पुसला जायचा. टेबलाभोवतीच्या गप्पा, नक्कल, पंचाशी हुज्जत यातलं काहीच त्या यंत्राला जमण्यासारखं नव्हतं. हिशेब मात्र माणसापेक्षा भारी जमायचा. मग सोंग मागे पडलं आणि वही तेवढी राहिली. १९८१ मध्ये 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' आले, १९८६ मध्ये जपानमध्ये युजी होरी यांचा 'ड्रॅगन क्वेस्ट'. सगळ्यांच्या पोटात तीच वही.

चाहते म्हणतील, 'डिस्को एलिझियम'चं काय? २०१९ चा गेम, मारामारी जवळपास नाहीच, सगळा संवाद. मान्य, अप्रतिम आहे. पण त्यातही चोवीस कौशल्यांना आकडे आहेत आणि बोलतानाही दोन फासे पडतात. कथा मनापासून आवडते मलाही, पण ती काढली तरी गेम आरपीजी राहतो. वही काढली तर कादंबरी उरते.

आणि वही वाईट असते असं मी म्हणत नाहीये. उलट तिच्यात एक मोठी माणुसकी होती. 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये बोटं चपळ नसलेलं पोरही जिंकू शकायचं. आज हरलास? जंगलात जा, छोटे राक्षस मार, दोन पातळ्या चढ, उद्या ये. शाळेत, मैदानावर सगळीकडे मागे पडणाऱ्या पोराला पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं की मेहनत केलीस तर आकडा वाढेल, नक्की वाढेल. याची ओढ किती? फेब्रुवारी १९८८ मध्ये, बुधवारी, त्याचा तिसरा भाग आला. एका दिवसात दहा लाखांवर प्रती खपल्या आणि शाळा बुडवून रांगेत उभ्या असलेल्या शेकडो मुलांना पोलिसांनी पकडलं. कामाच्या दिवशी हा गेम विकायचा नाही असा जपानने कायदा केला, अशी दंतकथा आजही सांगतात. कायदा वगैरे काही नाही, कंपनीनेच पुढचे भाग सुट्टीच्या दिवशी काढायचं ठरवलं. आणि लक्षात घ्या, तो गेम एकदा विकत घेतला की झालं. शेवटी मोठा राक्षस मरायचा, पडद्यावर नावं यायची आणि पोरगं झोपायला जायचं.

मत दुसरं : समाजाने भलत्यालाच चोर ठरवलं.

१९७९ मध्ये मिशिगनमधला एक हुशार, एकाकी विद्यार्थी बेपत्ता झाला. तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो हे कळल्यावर, खेळाच्या नादात विद्यापीठाखालच्या भुयारांत हरवला असेल, अशा बातम्या झाल्या. तो सापडला, खेळाचा संबंध नव्हता, तो आतून फार त्रासलेला होता. पण तोवर गोष्ट रुजली होती. १९८२ मध्ये त्या धाटणीचा टीव्ही-चित्रपट आला, तरुण टॉम हँक्स त्यात होता. त्याच वर्षी व्हर्जिनियात एका आईचा मुलगा आत्महत्येने गेला, आणि पुढच्या वर्षी तिने या खेळाविरुद्ध संघटना काढली. खेळातून मुलं सैतानाच्या नादी लागतात, हा आरोप. १९८५ मध्ये 'सिक्स्टी मिनिट्स'सारख्या मोठ्या टीव्ही कार्यक्रमाने तो घरोघरी नेला.

त्या आईच्या दुःखाची चेष्टा कुणी करू नये. पण आत्महत्यांशी खेळाचा संबंध पुढे सिद्ध झाला नाही. आणि कंपनीने काय केलं? १९८९ च्या नव्या आवृत्तीत सैतान, राक्षस हे शब्द काढून टाकले आणि नंतर तेच प्राणी दुसऱ्या नावांनी परत आणले. पाटी बदलली. हिशेबाची वही होती तशीच. तिच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं.

याच गदारोळात, १९८५ मध्ये, रिचर्ड गॅरियट यांनी 'अल्टिमा'चा चौथा भाग काढला. त्यात शेवटी मारायला कुणी खलनायक नाही. प्रामाणिकपणा, करुणा, त्याग, नम्रता असे आठ सद्गुण अंगी बाणवून 'अवतार' व्हायचं. हो, आपलाच शब्द. गेममध्ये एक आंधळी दुकानदारीण आहे, तिच्याकडून सामान घेताना पैसे तुम्ही स्वतः मोजून द्यायचे. कमी दिले तर ती काही म्हणत नाही, पण गेम गुपचूप नोंद ठेवतो आणि तुमचा प्रामाणिकपणा घटतो. आपल्या जुन्या मोक्षपटाची आठवण येते ना? तिथेही सद्गुणाची शिडी, दुर्गुणाचा साप. फरक एवढाच की तिथे शिडी कवडीच्या दानावर मिळायची, इथे वागणुकीवर. म्हणजे तीच वही सद्गुणही मोजू शकते. काय मोजायचं, हे वही लिहिणारा ठरवतो. प्रश्न तिथेच आहे.

मत तिसरं : गेमचा शेवट काढून टाकला, तिथे धोका सुरू झाला.

१९९७ ला 'अल्टिमा ऑनलाइन', १९९९ ला 'एव्हरक्वेस्ट', २००४ ला 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. हजारो लोक एकाच जगात, महिन्याला वर्गणी. वर्गणी चालू राहायची तर गेम संपून चालत नाही. 'एव्हरक्वेस्ट'ला तर खेळणारेच थट्टेने एका नशेच्या पदार्थाचं नाव जोडून हाक मारायचे. वही आता कधीच मिटत नव्हती.

पुढची पायरी मोबाईलची. गेम फुकट, पण आत नशिबाची पेटी. जपानमध्ये याला 'गाचा' म्हणतात, नाणं टाकून खेळण्याची डबी काढायच्या यंत्रावरून. मेहनतीने वाढणारा आकडा इथे पैशाने आणि नशिबाने वाढायला लागला. सर्वांत लबाड प्रकार होता 'कॉम्पू गाचा'. ठरावीक वस्तूंचा पूर्ण संच जमवा, मग मोठं बक्षीस. समजा दहा वस्तू आहेत आणि प्रत्येक निघायची शक्यता सारखी. संच पूरा व्हायला सरासरी २९ च्या वर पेट्या लागतात, आणि त्यातल्या दहा फक्त शेवटच्या एका वस्तूसाठी! पोराला वाटतं, नऊ जमल्या, आता एकच राहिली. इथेच खिसा कापला जातो. मटक्याच्या आकड्यावर घर घालवलेली माणसं ज्यांनी पाहिलीत, त्यांना हे वेगळं समजावायला नको.

जपानच्या ग्राहक विभागाने २०१२ मध्ये हा प्रकार बेकायदा ठरवला. चीनने २०१७ पासून पेटीतून काय निघण्याची शक्यता किती, हे जाहीर करणं सक्तीचं केलं. बेल्जियमने २०१८ मध्ये पैशाच्या पेट्यांना सरळ जुगार म्हटलं. या नियमांनी राक्षसांवर बंदी घातली नाही. त्यांनी वही तपासली.

आपण काय केलं? २०१९ मध्ये राजकोटला पबजी खेळणाऱ्या पोरांना पोलिसांनी अटक केली. २०२० मध्ये पबजीवर देशभर बंदी आली, पण ती चिनी ॲपच्या लाटेत, सुरक्षेच्या कारणाने. वर्षभरात तोच खेळ दुसऱ्या नावाने परत. (पबजी आरपीजी नाही, माहीत आहे. पण आपल्याकडे गेमची चर्चा त्याच्यापाशीच सुरू होते आणि तिथेच संपते.) ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर बंदी आली, चांगलंच झालं. पण त्याचा रोख रमी, फॅन्टसी अशा खेळांवर. ८९ रुपयांची पेटी, जिच्यातून पैसे निघत नाहीत, चमकणारी तलवार निघते, तिच्याबद्दल वेगळा शब्द नाही. माझ्या मित्राचे अठरा हजार याच फटीतून गेले.

म्हणून सरसकट बंदीची मागणी मला पटत नाही. बिस्किटाच्या पुड्यावर वजन आणि किंमत छापावी लागते. मग पेटीवर शक्यता छापा, आणि मराठीत छापा. अल्पवयीन मुलाच्या खर्चाला कमाल मर्यादा घाला. पालकाने वेळेत तक्रार केली तर पैसे परत करा. यात संस्कृती बुडवणारं किंवा उद्योग मारणारं काय आहे?

आणि आईबापांनो, पोराचा गेम हातात घ्या तेव्हा तीन प्रश्न विचारा. याला शेवट आहे का? पैसे एकदाच द्यायचे की परत परत? पैसे देण्याआधी काय मिळणार ते कळतं का? उत्तरं ठीक असतील तर राक्षस कितीही भयानक असू दे, खेळू द्या पोराला. जमलं तर शेजारी बसा, तो कोण झालाय ते विचारा. योद्धा, मांत्रिक, चोर, काय हवं ते होऊ दे.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपले म्हातारे सांगत आले. त्या पोराने योद्ध्याचं सोंग घेतलं होतं. अठरा हजार मात्र बापाच्या खऱ्या खात्यातून गेले.