कुंपणाची भाषा : राजगडच्या झाडीपासून कातरलेल्या मेंदीपर्यंत

भोर आणि वेल्हे या डोंगराळ मुलखात (यांपैकी वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे) गेल्या काही दशकांत अनेक फार्महाऊसे उभी राहिली. त्यांच्या परसात एक दृश्य हटकून आढळते : माथा सपाट छाटलेली मेंदीची किंवा पिवळसर ड्युरांटाची रांग आणि कोपऱ्यात चेंडूसारखे गोल केलेले एखादे झुडूप. मागे राजगड आणि तोरणा उभे असतात. या दोहोंचा परस्परांशी काही संबंध असेल असे सहसा मनात येत नाही. तो आहे, आणि तो विरोधाचा आहे.

रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' 1715 च्या सुमाराचे मानले जाते. त्यातील दुर्गप्रकरणात झाडीचा विचार तटबंदीच्या बरोबरीने केलेला आहे. गडाभोवतालची झाडी हीच गडाची राखण. ती प्रयत्नपूर्वक वाढवावी, तिच्यावर कुऱ्हाड चालू देऊ नये, प्रसंगी तिच्यात बंदूकधारी शिपाई दडवता यावेत, असा त्याचा आशय. गडावर मात्र फणस, चिंच, लिंबे, नारिंगे, फुलझाडे, वेली, जे रुजेल ते लावावे. वेळेला लाकूड तरी उपयोगी पडेल. हे ग्रंथातले कोरडे ज्ञान नव्हते. राजाराम महाराज जिंजीस असताना रामचंद्रपंतांनी आणि भोरच्या पंतसचिव घराण्याचे संस्थापक शंकराजी नारायण यांनी हाच मुलूख मोगलांशी झुंजत राखला होता. खुद्द तोरण्याचे नावही तोरण या काटेरी झुडपावरून पडले, असे सांगतात.

योगायोग असा की, 1713 मध्ये लंडनमध्ये अलेक्झांडर पोप हा कवी झुडपे कातरून माणसे आणि पशू घडवणाऱ्या बागवानांची एका निबंधात टर उडवत होता. ही कला रोमन काळाइतकी जुनी. धाकट्या प्लिनीने आपल्या बागेतील कातरलेल्या प्राण्यांचे वर्णन पत्रात केले आहे. युरोपातली ही हौस इंग्रजी अमलात आपल्याकडे सार्वजनिक उद्यानांतून आली. मलबार हिलवर 1881 मध्ये आखलेल्या हँगिंग गार्डनमधील झुडपांचे प्राणी पाहिलेले नाहीत असा जुना मुंबईकर विरळा. उद्यानातून ही आवड बंगल्यात आली आणि बंगल्यातून फार्महाऊसवर.

गावाने मात्र आपली वई वेगळ्या हिशेबाने घातली होती. शेर आणि निवडुंग यांचा चीक जनावराला दूर ठेवी. निर्गुडी आणि अडुळसा औषधाला येत. करवंदीचे काटे गुरे अडवत आणि उन्हाळ्यात तीच पोरांचे तोंड गोड करी. या वईतही परके होतेच. फड्या निवडुंग अमेरिकेतून आला आणि इतका माजला की 1926 मध्ये त्याच्यावर जगणारी कीड सिंहलद्वीपातून मुद्दाम आणून त्याला आवरावे लागले. तेव्हा ड्युरांटाही मूळचा अमेरिकेचा, एवढ्यावरून त्याला दोष देणे न्याय्य नव्हे.

आक्षेप कात्रीलाही नाही. शेंडा खुडला की पानांच्या बगलेतले डोळे फुटतात आणि झुडूप दाट होते; कुंपण तळाशी रुंद आणि वर किंचित निमुळते ठेवले तर खालच्या फांद्यांना ऊन मिळून ते बुडाशी उघडे पडत नाही. हे खरे कसब आहे. परंतु सतत छाटलेल्या मेंदीला फुले क्वचितच येतात. फूल नाही म्हणून मधमाशी नाही, फळ नाही म्हणून पाखरू नाही. आणि मागे तारेचे कुंपण असतेच, त्यामुळे राखणीचे कामही नाही. कुंपण म्हणून लावलेल्या झाडाकडे हद्द दाखवण्यापलीकडे काही उरत नाही.

'आज्ञापत्रा'ने झाडीला राज्याचे काम सांगितले, गावाने वईला घरचे सांगितले. आपण तिला केवळ शोभेपुरती ठेवली. करवंदी कात्री सोसते. वर्षातून एकदा, फळे उतरल्यावर, तिला आकार देता येतो. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती पुन्हा फुलाफळाला येते. राजगडाच्या पायथ्याशी परसाला कडा घालायचीच असेल, तर ती डोंगर उतरून यावी लागेल इतकी दूर नाही.