डीएनएवरील आघात ओळखण्याची पेशीची यंत्रणा उलगडणाऱ्या एव्हलिन विटकिन

सूर्यप्रकाशातील अतिनील किरण, क्ष-किरण, काही रसायने आणि खुद्द पेशीतील चयापचय यांमुळे सजीवांच्या डीएनएला सतत इजा होत असते. ही इजा पेशीला कशी कळते आणि कळल्यावर ती काय करते, या प्रश्नाचे पहिले सुसंगत उत्तर ज्या मोजक्या संशोधकांनी दिले, त्यांत अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ एव्हलिन विटकिन यांचे स्थान अग्रभागी आहे. ‘एसओएस प्रतिसाद’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जीवाणूंतील यंत्रणेच्या शोधाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. ८ जुलै २०२३ रोजी वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

निलंबनामुळे बदललेली वाट

विटकिन यांचा जन्म ९ मार्च १९२१ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव मेझेल. न्यूयॉर्क विद्यापीठात शिकत असताना १९४० मध्ये फुटबॉल संघातील कृष्णवर्णीय खेळाडू लिओनार्ड बेट्स यांना मिसुरी विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यातून वगळण्यात आले. वर्णभेदाच्या या निर्णयाविरुद्ध विद्यार्थ्यांनी आंदोलन छेडले. त्यात पुढाकार घेतलेल्या सात विद्यार्थ्यांना १९४१ मध्ये तीन महिन्यांसाठी निलंबित करण्यात आले. विटकिन त्या सातांपैकी एक होत्या.

पदवी लांबली आणि त्याच विद्यापीठात पुढील शिक्षण घेण्याचा बेतही बारगळला. त्यांनी कोलंबिया विद्यापीठात प्रवेश घेतला आणि उत्क्रांतीचे विख्यात अभ्यासक थिओडोसियस डॉबझान्स्की यांच्या मार्गदर्शनाखाली काम सुरू केले. शिक्षा म्हणून आलेले हे वळण त्यांच्या वैज्ञानिक आयुष्याला निर्णायक ठरले. न्यूयॉर्क विद्यापीठाने २००१ मध्ये या सात विद्यार्थ्यांचा सन्मान केला.

चार वसाहतींचा प्रयोग

सन १९४४ च्या उन्हाळ्यात विटकिन कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील प्रयोगशाळेत दाखल झाल्या. जीवाणूंनाही जनुके असतात, हा विचार तेव्हा नुकताच रुजू लागला होता. तेथील संचालक मिलिस्लाव डेमेरेक यांनी त्यांना अतिनील किरणांच्या साहाय्याने ई. कोलाय जीवाणूंमध्ये उत्परिवर्तने घडवून आणण्यास सांगितले. पहिल्याच प्रयोगात किरणांची मात्रा फार जास्त झाली. जवळजवळ सर्व जीवाणू नष्ट झाले आणि केवळ चार वसाहती उरल्या.

हा प्रयोग फसला असे मानून मात्रा कमी करणे सोपे होते. विटकिन यांनी मात्र या चार वसाहती का वाचल्या, असा प्रश्न विचारला. तपासाअंती त्या जीवाणूंमध्ये किरणांना तोंड देण्याची आनुवंशिक क्षमता असल्याचे आढळले. ‘बी/आर’ या नावाने ओळखला जाणारा हा वाण म्हणजे किरणांच्या संदर्भातील पेशीची सहनशक्ती जनुकांवर अवलंबून असते, याचा आरंभीचा ठोस पुरावा होता. याच विषयावर त्यांना १९४७ मध्ये डॉक्टरेट मिळाली.

सूक्ष्मदर्शकाखाली आणखी एक गोष्ट दिसली. किरणांचा मारा झालेले मूळ वाणाचे जीवाणू लगेच मरत नव्हते. ते वाढत राहत, पण त्यांचे विभाजन थांबे आणि लांबच लांब तंतू तयार होत. इजा झाल्यावर विभाजन रोखून धरण्याच्या या वर्तनाचा अर्थ लागण्यास पुढे दोन दशके जावी लागली.

तुटक माहितीतून एक सूत्र

डॉक्टरेटनंतर विटकिन कोल्ड स्प्रिंग हार्बर येथेच कार्नेगी संस्थेच्या जनुकशास्त्र विभागात कार्यरत राहिल्या. मुलांच्या संगोपनाच्या काळात संस्थेने त्यांना अर्धवेळ काम करण्याची मुभा दिली. मातृत्वानंतर संशोधन सोडणे हाच स्त्रियांपुढील प्रघात असलेल्या त्या काळात ही सवलत विरळा होती. १९५५ मध्ये त्या ब्रुकलिन येथील वैद्यकीय महाविद्यालयात, तर १९७१ मध्ये रटगर्स विद्यापीठात रुजू झाल्या.

किरणांच्या माऱ्यानंतर प्रथिननिर्मिती काही काळ थांबवल्यास काही प्रकारच्या उत्परिवर्तनांचे प्रमाण झपाट्याने घटते, असे त्यांनी पन्नासच्या दशकात दाखवून दिले होते. या घटीमागील प्रथिनाची ओळख नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी अझीझ सँकार व ख्रिस्तोफर सेल्बी यांच्या संशोधनातून पटली. जनुकाचे वाचन जेथे अडते, तेथे दुरुस्तीची यंत्रणा पोहोचवणारे हे प्रथिन आजही विटकिन यांनी वर्णिलेल्या परिणामाच्या आद्याक्षरांवरून ‘एमएफडी’ म्हणून ओळखले जाते.

सर्वांत दूरगामी विचार १९६७ मध्ये पुढे आला. जीवाणूंचे तंतू होणे आणि जीवाणूच्या डीएनएत सुप्त असलेला विषाणू अतिनील किरणांमुळे जागा होणे, या दोन घटना वरवर पाहता परस्परांशी असंबद्ध होत्या. या दोन्हींमागे एकाच प्रकारचे नियंत्रण असावे, असे अनुमान विटकिन यांनी मांडले. एरवी जनुकांना दाबून ठेवणारे दमनकारी प्रथिन डीएनएला इजा होताच निष्प्रभ होते आणि ती जनुके कार्यरत होतात, असा त्याचा आशय होता. मिरोस्लाव राडमन यांनी सत्तरच्या दशकाच्या आरंभी या विचाराला व्यापक रूप दिले आणि संकटसंदेशावरून त्यास ‘एसओएस’ हे नाव दिले. विटकिन यांनी १९७६ मध्ये उपलब्ध पुराव्यांचा विस्तृत आढावा घेऊन ही संकल्पना जीवशास्त्रात दृढ केली.

यंत्रणा चालते कशी

डीएनएची प्रत तयार होत असताना वाटेत इजा आली की काम अडते आणि डीएनएचा एक धागा उघडा पडतो. ‘रेकए’ हे प्रथिन या उघड्या धाग्यावर गुंफले जाऊन सक्रिय होते. त्याच्या संपर्कात येताच ‘लेक्सए’ हे दमनकारी प्रथिन स्वतःचे दोन तुकडे करून घेते. परिणामी त्याने दाबून ठेवलेली सुमारे ४० जनुके टप्प्याटप्प्याने जागी होतात. प्रथम अचूक दुरुस्ती करणारी प्रथिने येतात. विभाजन थांबवले जाते.

एवढ्याने भागले नाही, तर अखेरीस ‘डीएनए पॉलिमरेज पाच’ हे विकर कामाला लागते. ते इजा ओलांडून प्रत पुढे नेते. मात्र असे करताना चुकाही करते. विटकिन यांच्या संशोधनाचे मर्म येथे आहे. किरणांमुळे होणारी उत्परिवर्तने ही केवळ इजेची थेट निष्पत्ती नसून, जगण्यासाठी पेशीने स्वतःच्या विकरांकरवी मोजलेली ती किंमत आहे. काही विशिष्ट जनुके निकामी असलेले जीवाणू किरणांनी अधिक संख्येने मरतात, पण वाचलेल्यांत नवी उत्परिवर्तने जवळजवळ होत नाहीत, या निरीक्षणाने त्याला बळ दिले.

वैद्यकातील महत्त्व

हा विषय आज प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जीवाणूंच्या संदर्भात ऐरणीवर आला आहे. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधे डीएनएला इजा पोहोचवतात आणि त्यामुळे एसओएस प्रतिसाद जागा होतो. त्यातून वाढणारी उत्परिवर्तने औषधाविरुद्धच्या प्रतिकारशक्तीला हातभार लावू शकतात. म्हणूनच ही यंत्रणा रोखणाऱ्या रेणूंचा शोध जगभर सुरू आहे. बंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेत के. मुनियप्पा व सहकाऱ्यांनी क्षयाच्या जीवाणूतील रेकए प्रथिनाला ‘सुरामिन’ हे जुने औषध अटकाव करते, असे २०१४ मध्ये दाखवून दिले.

मानवी पेशींतील यंत्रणा जीवाणूंहून वेगळी व अधिक गुंतागुंतीची आहे. तथापि इजा ओळखणे, विभाजन रोखणे आणि दुरुस्ती सुरू करणे हा क्रम तेथेही आढळतो. तो बिघडल्यास कर्करोगाचा धोका वाढतो. या क्षेत्रात यीस्ट व मानवी पेशींवर काम करणारे स्टीफन एलेज यांच्यासह विटकिन यांना २०१५ चा लास्कर पुरस्कार देण्यात आला. तेव्हा त्या ९४ वर्षांच्या होत्या. त्याच वर्षीचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक डीएनए दुरुस्तीवरील संशोधनासाठी टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँकार यांना जाहीर झाले.

विटकिन यांची १९७७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवड झाली. रटगर्स येथे १९७९ मध्ये त्यांना त्यांच्या स्नेही व नंतर नोबेलने गौरवलेल्या बार्बरा मॅक्लिंटॉक यांच्या नावाचे अध्यासन मिळाले. १९९१ मध्ये त्या निवृत्त झाल्या. २००२ चे अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदकही त्यांना प्रदान करण्यात आले.