बिडीच्या गावातली छाती
माझी आई मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायची. भिजवलेला तेंदूपत्ता फर्म्यावर ठेवून कैचीने कापायचा, चिमूटभर तंबाखू भरायची, टोक दुमडून दोरा गुंडाळायचा. आमच्या गोंदियात या धंद्यावर कितीतरी चुली पेटल्या, हे मी कधीच विसरणार नाही. पण धूर गेला तो पुरुषांच्या छातीत. ‘पानाची बिडी, तिनं काय होते?’ असं बाबा म्हणत. 52 देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासाचे तंबाखूविषयीचे निष्कर्ष 2006 मध्ये आले: बिडी ओढणाऱ्याला हृदयविकाराच्या झटक्याचा धोका जवळजवळ तिप्पट! आता दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या पोरांच्या तोंडात पन्नीत घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा असतो. आणि त्यांचा रक्तदाब कुणी मोजलेलाच नसतो.