सरफोजींचा दरबार आणि पाश्चात्त्य कक्षसंगीत

१७९८ साली दुसरे सरफोजीराजे तंजावरच्या गादीवर आले. त्याच वर्षी व्हिएन्नात बेथोव्हेनने चार तंतुवाद्यांसाठी लिहावयाच्या आपल्या पहिल्या सहा चौकड्यांना हात घातला. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. परंतु हे समकालीनत्व लक्षणीय आहे. जर्मन मिशनरी श्वार्ट्‌झ याच्या देखरेखीखाली वाढलेल्या या मराठी राजाने युरोपीय ग्रंथ व वैद्यक यांच्याबरोबर युरोपीय संगीतासही दरबारात स्थान दिले. त्या संगीताचे स्वरलिपीबद्ध कागद तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत.

या संग्रहावरून तंजावरने पाश्चात्त्य संगीत आत्मसात केले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टिकणारा नाही. कागद जपणे निराळे आणि कान घडणे निराळे. पियानोच्या सोनाटाचे सौंदर्य बव्हंशी स्थानांतरात असते: रचना आपला आधारस्वर सोडते, दुसऱ्यावर मुक्काम करते आणि अखेरीस मूळ स्थानी परतते. सरफोजींच्या नावे असलेल्या ‘कोरव्यांच्या साहित्याचे जिन्नस’ या मराठी नृत्यरचनांची रीत याच्या उलट आहे. तेथे एका निरूपणातील सर्व जिन्नस एकाच रागात व एकाच तालात ओवलेले असतात. सोनाटात प्रवासाचा आनंद आहे, तर निरूपणात वास्तव्याचा.

मग युरोपातून आलेले रुजले काय? व्हायोलिन. पियानोची पट्टी दाबताच स्वर निश्चित होतो. त्याला गमकाचे वळण देता येत नाही. व्हायोलिनच्या तारेवर बोट सरकू शकते. मुथुस्वामी दीक्षितांचे बंधू बालुस्वामी आणि तंजावरच्या चार नर्तनाचार्य बंधूंपैकी वडिवेलू यांनी हे वाद्य कर्नाटक संगीतात रूढ केले. वडिवेलूंना पुढे १८३४ मध्ये त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी हस्तिदंती व्हायोलिन भेट दिले. वादक जमिनीवर बसला, वाद्याचे टोक उजव्या पावलावर टेकले, तारा षड्ज-पंचमांत मिळविल्या गेल्या. युरोपीय चौकडीत इतर तीन वाद्यांशी संवाद करणारे व्हायोलिन येथे गायकाची साथ करू लागले.

दक्षिणेतील मराठ्यांच्या इतिहासात सरफोजींच्या संग्रहबुद्धीचा गौरव होतो, तो यथार्थच आहे. तथापि संग्रहाला परंपरा समजणे ही चूक ठरेल. राजाने परके संगीत ऐकण्याचे दार उघडले. त्यातले काय ठेवावयाचे, याचा निर्णय मात्र वादकांच्या बोटांनी केला.